गाडीत उंदीर शिरला? वायर, वास आणि आजार. काय करायचं, काय टाळायचं

नांदेड / लातूर : सोयाबीनच्या राशी उरकल्या आणि शिवार मोकळं झालं की रानातले उंदीर गावाकडं सरकतात. रानात खायला उरत नाही, बिळं नांगराखाली जातात, थंडीही वाढत जाते. अशा वेळी अंगणात उभी असलेली चारचाकी, शेडमधला ट्रॅक्टर, दारापुढची मोटारसायकल हे त्यांच्यासाठी आयतं घर असतं. मग एखाद्या सकाळी सेल्फ उचलत नाही, हॉर्न वाजत नाही किंवा एसी लावला की कुजका वास नाकात शिरतो. उंदीर हे गणपतीचं वाहन, पण इथं आपलंच वाहन उंदराचं होऊन बसतं.

या त्रासाकडं बहुतेक जण वायर जोडण्याच्या खर्चापुरतंच बघतात. खरं तर यात तीन गोष्टी असतात : गाडीचं नुकसान, जाता न जाणारा वास आणि माणसाच्या तब्येतीला धोका. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडंच सगळ्यात कमी लक्ष जातं.

उंदीर गाडीतच का येतो?

उंदराला तीन गोष्टी लागतात : खाणं, आडोसा आणि शांतता. गाडीत तिन्ही मिळतात. बॉनेटखाली इंजिनची ऊब असते, सीटखाली लेकरांनी सांडलेला चिवडा असतो, डिकीत बियाण्याची पिशवी किंवा सरकी पेंडीचं अर्धं पोतं असतं. गाडी चार-आठ दिवस जागची हलली नाही की शांतताही मिळते.

वायर कुरतडतो ते पोट भरायला नव्हे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. नव्या गाड्यांच्या वायरचं आवरण सोयाबीनपासून बनवतात म्हणून उंदीर येतात, अशी चर्चा आहे. अमेरिकेत काही ग्राहकांनी वाहन कंपन्यांवर याच मुद्द्यावरून खटलेही भरले. पण साध्या प्लास्टिकचं आवरण असलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या वायरही उंदीर सोडत नाहीत, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारलं तरी कळतं.

लहान उंदराला आत शिरायला साधारण पेन्सिल जाईल एवढं, म्हणजे ६ मिलिमीटरचं भोक पुरतं. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा किंवा जास्त पिलं देते. म्हणून ‘एकच तर आहे, जाईल आपोआप’ असं म्हणून सोडून देणं महागात पडतं.

मराठवाड्यानं हे आधी पाहिलंय

उंदीर आणि ओस पडलेला आडोसा एकत्र आले की काय होतं, हे या भागाला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. भीतीपोटी शेजारच्या बीड जिल्ह्यातही लोकांनी दगडमातीची घरं सोडली, धान्य मात्र आतच राहिलं. धान्य भरपूर आणि माणूस नाही, म्हणून उंदीर वाढले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याची बातमी आली. त्या उद्रेकाचा संबंध तज्ज्ञांनी भूकंपानंतरच्या याच परिस्थितीशी जोडला. सप्टेंबरमध्ये सुरत शहरात प्लेगची घबराट उडाली.

आज प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण सूत्र तेच आहे : जिथं दाणा आहे आणि माणसाची हालचाल नाही, तिथं उंदीर घर करतो. महिनाभर उभी असलेली गाडी हे उंदराच्या दृष्टीनं ओस पडलेलं घरच असतं.

तब्येतीला धोका कशाचा?

१. लेप्टोस्पायरोसिस : उंदराच्या लघवीतून याचे जंतू बाहेर पडतात. हातापायावरची जखम, ओली-भिजलेली कातडी, डोळे किंवा तोंडातून ते शरीरात जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही सुरुवातीची लक्षणं. पुढं कावीळ होते, लघवी कमी होते. लक्षणं लगेच दिसतात असं नाही, बहुतेकदा एक-दोन आठवड्यांनी दिसतात.

२. स्क्रब टायफस : उंदराच्या अंगावरच्या बारीक किड्यांच्या चावण्यातून होतो. ताप येतो आणि काही रुग्णांत चावलेल्या जागी काळी खपली दिसते. २०१८ मध्ये नागपूर भागात याचे बरेच रुग्ण आढळले होते.

३. हंता विषाणू : हा मुख्यतः परदेशातला आजार. उंदराच्या वाळलेल्या लेंड्या-लघवीची धूळ श्वासात गेल्यानं तो होतो. हॉलिवूडचे अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा यांचा फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत याच आजारानं मृत्यू झाला. नंतर आरोग्य विभागानं पाहणी केली तेव्हा त्यांच्या आवारातील गॅरेज, बाहेरच्या खोल्या आणि दोन वाहनांतही उंदरांचा वावर दिसला. आपल्याकडं हा आजार नेहमीचा नाही. पण ‘उंदराची घाण कोरडी झाडू नका’ हा नियम तिथून आलाय आणि तो सगळीकडं लागू पडतो.

गाडी साफ केल्यानंतर पुढच्या महिनाभरात ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना ‘उंदराची घाण साफ केली होती’ हे स्वतःहून सांगा. एवढ्या एका वाक्यानं योग्य तपासणी लवकर होते.

आधी ओळखा : कोण आहे, कुठं आहे?

लेंड्या जिऱ्याएवढ्या असतील तर लहान उंदीर. एक-दीड सेंटिमीटर लांब असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. नुसता उग्र, कस्तुरीसारखा दर्प येत असेल आणि कुरतडल्याची खूण नसेल तर चिचुंद्री असू शकते. ती किडे खाते, वायरच्या मागं लागत नाही.

वास कधी येतो यावरून जागा सापडते :

- पंखा किंवा एसी लावल्याबरोबर वास आला, तर केबिन फिल्टर किंवा ब्लोअरमध्ये घरटं किंवा मेलेला उंदीर आहे. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागं असतो.
- इंजिन तापल्यावर वास वाढला, तर बॉनेटखाली, बॅटरीच्या ट्रेखाली किंवा एअर फिल्टरच्या डब्यात बघा.
- गाडी उन्हात उभी असताना वास आला, तर सीटचा फोम, खालचं मॅट किंवा छताचं अस्तर तपासा.
- ट्रॅक्टरला सीटखालची जागा, टूलबॉक्स, एअर क्लीनर आणि बॅटरीचा डबा बघा. मोटारसायकलला सीटखाली, एअर फिल्टरमध्ये आणि हेडलाइटच्या मागं वायरच्या गुंत्यात बघा.

एकाच ठिकाणी माश्या घोंगावत असतील तर बहुधा तीच जागा.

चालू करण्याआधी हे बघा

कुरतडल्याची शंका आली की लगेच किल्ली फिरवू नका. आधी बॉनेट उघडा. पेट्रोल, डिझेल किंवा गॅसचा वास येतोय का, खाली थेंब पडलेत का ते बघा. इंधनाची रबरी नळी कुरतडलेली असेल आणि जवळच उघडी वायर असेल तर एका ठिणगीनं गाडी पेटू शकते. घरट्याचा कागद, चिंध्या, भुसकट हेही तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट घेतं. असं काही दिसलं तर गाडी ढकलून घरापासून आणि कडब्यापासून लांब न्या आणि मिस्त्रीला जागेवरच बोलवा. हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.

तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका. पावसाळ्यात तिथंच गंज चढतो आणि पुन्हा फॉल्ट येतो. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायला सांगा. एअरबॅग किंवा एबीएसची वायर असेल तर काम जाणकाराकडंच द्या.

साफसफाई : पायरीपायरीनं

पहिली पायरी. गाडी उघड्या जागेवर घ्या, सगळी दारं आणि डिकी उघडून किमान अर्धा तास तशीच ठेवा. एसी-पंखा लावू नका. लेकरांना लांब ठेवा.

दुसरी पायरी. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क (एन-९५ असेल तर उत्तम), पूर्ण बाह्यांचा शर्ट. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.

तिसरी पायरी, सगळ्यात महत्त्वाची. कोरडं झाडायचं नाही. वॉशिंग सेंटरवर पहिल्यांदा हवेचा पाइप मारतात, तो इथं मारू द्यायचा नाही. व्हॅक्युमही लगेच नाही. हवा मारली की लेंड्यांची धूळ सरळ नाकातोंडात जाते.

चौथी पायरी. जंतुनाशक पाणी फवारा. घरगुती ब्लीचचा १ भाग आणि पाणी ९ भाग. ब्लीच नसेल तर पाणी शुद्ध करायला ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर चालते. १ लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम पावडर टाकून हलवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घ्या. लेंड्या, घरटं, मेलेला उंदीर पूर्ण ओले होतील असं फवारून पाच मिनिटं थांबा. हे पाणी प्लास्टिक, रबर आणि कडक भागांवरच वापरा. कपड्याच्या सीटवर डाग पडतात, लोखंड गंजतं, वायरच्या जोडांवर तर अजिबात नको. अशा ठिकाणी बाटलीवर दिलेल्या प्रमाणात साधं घरगुती जंतुनाशक फडक्याला लावून पुसा.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं कुठलंही औषध मिसळू नका. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो.

पाचवी पायरी. ओली घाण जुन्या कागदानं किंवा फडक्यानं उचला, दोन पिशव्यांत बांधा आणि विहीर-बोअरपासून लांब खोल पुरा. उकिरड्यावर फेकली तर कुत्री ओढत परत दारात आणतात.

सहावी पायरी. जागा पुन्हा पुसा आणि ब्लीच वापरलं तिथं साध्या पाण्याचं फडकं फिरवा. हातमोजे काढण्याआधी साबणानं धुवा, मग हात धुवा. कपडे वेगळे धुवा आणि अंघोळ करा.

वास का जात नाही आणि कसा घालवायचा?

परफ्युम किंवा उदबत्ती लावून वास दबतो, जात नाही. लघवी फोममध्ये मुरलेली असते. दमट हवा झाली किंवा ऊन लागलं की ती पुन्हा वास मारते. शिवाय उंदीर एकमेकांना वासानंच ओळखतात. पहिला गेला तरी त्याच्या लघवीचा वास दुसऱ्याला वाट दाखवतो. म्हणून वास घालवणं ही फक्त नाकाची सोय नाही, पुढचा उंदीर थांबवायचा तोच उपाय आहे.

- केबिन फिल्टर घाण झाला असेल तर धुवत बसू नका, बदला. फिल्टर गेला तरी वास राहिला तर ब्लोअर आणि एसीचा कॉइल मिस्त्रीकडून साफ करून घ्या.
- मॅट, सीट कव्हर काढून साबणानं धुवा आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा.
- कपड्याच्या सीटवर आणि खालच्या गालिच्यावर खाण्याचा सोडा पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्युमनं ओढा. हे जंतुनाशकानं साफ केल्यानंतरच करायचं.
- पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारा एन्झाइम क्लीनर मुरलेल्या वासावर चांगला चालतो. तो ब्लीचबरोबर वापरू नका, ब्लीचमुळं एन्झाइम निकामी होतं.
- लाकडी कोळसा उघड्या भांड्यात घालून बंद गाडीत तीन-चार दिवस ठेवला तर उरलेला वास कमी होतो. कोळसा पेटवायचा नाही, नुसता ठेवायचा.
- फोममध्येच घरटं केलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका. तेवढा फोम कापून कुशनवाल्याकडून नवा भरून घेणं स्वस्त पडतं.

मेलेला उंदीर सापडलाच नाही तर वास काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्या गाडीत काचा बंद करून, एसी लावून लेकरांना शाळेत सोडू नका.

विष गाडीत नको

गावात सगळ्यात जास्त चूक इथं होते. उंदीर मारायचं औषध गाडीत ठेवलं की उंदीर ते खाऊन डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो आणि मग वासासाठी अख्खी गाडी खोलावी लागते. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. तोवर तो कुठं जाऊन बसेल याचा नेम नाही.

झिंक फॉस्फाईड पोटात गेल्यावर त्यापासून फॉस्फीन वायू तयार होतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतूनही हवेतल्या ओलाव्यानं हाच वायू निघतो. या वायूवर उतारा नाही. बंद गाडीत किंवा माणसं झोपतात त्या खोलीत ही गोळी ठेवणं म्हणजे घरादाराचा जीव धोक्यात घालणं आहे. कोणाच्या पोटात उंदराचं औषध गेलं किंवा गोळीच्या वायूनं मळमळ, उलटी, श्वासाचा त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचं पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा.

फोरेटचे दाणे बॉनेटमध्ये टाकायची सवयही सोडा. या औषधावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. डिझेल, रॉकेल शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तंबाखू, डांबर गोळ्या, मशीन : किती उपयोगी?

बॉनेटमध्ये तंबाखूची पानं, कापूर, पुदिन्याचं तेल ठेवतात. त्याचा उपयोग वास ताजा असेपर्यंत. वास उडाला की उंदीर परत येतो. डांबर गोळ्या केबिनमध्ये ठेवू नका. त्यांची वाफ बंद जागेत, विशेषतः लहान लेकरांना, अपाय करते. न ऐकू येणाऱ्या आवाजानं उंदीर पळवणारी यंत्रंही विकतात. पण अशा दाव्यांना पुरावा द्या, अशी तंबी अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्ये साठहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना दिली होती. उंदीर अशा आवाजाला काही दिवसांत सरावतात.

खात्रीचे उपाय साधेच आहेत :

- गाडीत खाण्याचं काही ठेवू नका. बियाणं, पेंड, धान्याचं पोतं रात्रभर गाडीत नको.
- कडबा, भुसकटाची गंजी, धान्याची खोली यांपासून गाडी लांब उभी करा. आखाड्यावर ट्रॅक्टर ठेवत असाल तर भोवतीचं गवत काढा.
- दोन-तीन दिवसांतून एकदा गाडी चालू करून फेरी मारा. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.
- रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर अंधार आणि आडोसा राहत नाही, उंदीर कमी येतो. पावसाची शक्यता असेल तर हे नको.
- हवा आत जाते त्या जागेवर आणि खालच्या मोकळ्या भोकांवर ६ मिलिमीटर किंवा बारीक छिद्राची लोखंडी जाळी मिस्त्रीकडून बसवा. सायलेन्सरचं तोंड आणि इंजिनची हवा मात्र बंद करू नका.
- पिंजरा किंवा चाप गाडीच्या आत नाही, बाहेर चाकांजवळ आणि भिंतीच्या कडेनं लावा. रोज सकाळी तपासा.
- रानात घुबड आणि धामण यांना मारू नका. एवढी फुकटची राखण दुसरी नाही.

विमा मिळतो का?

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर उंदरानं वायर कुरतडल्याचा दावा अनेकदा मान्य होतो, पण तो पॉलिसीच्या अटींवर ठरतो. म्हणून वायर जोडण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काम सुरू करू नका. आधी दुरुस्ती करून नंतर बिल दिलं तर दावा अडकतो.

दावा करण्याआधी हिशेब करा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला पहिले १००० रुपये आणि त्यापुढच्या कारला २००० रुपये मालकालाच भरावे लागतात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. खर्च थोडा असेल तर खिशातून भरलेलं परवडतं. पूर्ण वायरिंग बदलायची वेळ आली तर मात्र दावा करा.

थोडक्यात

रब्बीच्या पेरणीच्या घाईत ट्रॅक्टर बंद पडू नये, लेकरं-म्हातारी माणसं घाणीच्या हवेत बसू नयेत, यासाठी काढणीनंतरच्या आठवड्यातच गाडी तपासा. उंदीर दिसला तर विष नाही, पिंजरा. घाण दिसली तर झाडू नाही, आधी जंतुनाशक पाणी. वास आला तर परफ्युम नाही, मूळ जागा शोधा. आणि साफसफाईनंतर ताप आला तर उशीर न करता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना उंदराची गोष्ट सांगा.